वर आहे, खाली नाही

२०२३ च्या जूनमध्ये मुंबईत पावसाने दडी मारली होती. मृग लागून पंधरा दिवस उलटले तरी पार्ल्याच्या आमच्या गल्लीत धूळ उडत होती. सासूबाई रोज सकाळी गॅलरीत जाऊन आभाळ बघून यायच्या. शेवटी २५ जूनला पाऊस आला, आणि त्याच दिवशी तो दिल्लीतही पोचला. ही दोन्ही शहरं एकाच दिवशी मोसमी पावसात आली, असं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. हे सगळं इतकं नीट लक्षात आहे, कारण त्याच आठवड्यात मी वही काढून नवऱ्याच्या पन्नाशीची आखणी सुरू केली होती.

त्याचा वाढदिवस २७ डिसेंबरचा. बाविसाव्या वर्षी त्याने मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात स्कीइंग शिकायला जायचं, असं ठरवून पैसे साठवले होते. त्या वर्षी माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते पैसे तिकडे गेले. मग नोकरी, घराचे हप्ते, मुलं. सह्याद्री त्याने पालथा घातला, पण स्कीइंगचं नाव परत कधी काढलं नाही. मला ही गोष्ट सासूबाईंनी सांगितली, लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी. तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की पन्नाशीला हे करायचं, आणि चांगलं करायचं. गरम खोली, चांगलं जेवण, खिडकीतून दिसणारा डोंगर, सोबत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन्ही मुलं. आयुष्यात एकदाच एवढा खर्च करणार होतो, तर त्यात कसर करायची नव्हती.

पहिला विचार अर्थात आल्प्सचा आला. महिनाभर मी त्याच अभ्यासात होते. सुरुवातीला नावं बघत होते, मग कळलं की डिसेंबरात जायचं तर नावापेक्षा उंची बघायची असते. स्वित्झर्लंडमधलं झेरमाट हे गाव आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर वसलंय, पण तिथून केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत जाते आणि वरच्या हिमनदीवर बाराही महिने स्की करतात. फ्रान्समधलं व्हाल थोरांस हे अख्खं गावच २,३०० मीटरवर आहे. उलट ऑस्ट्रियातलं किट्सब्युल, ज्याचं नाव स्की म्हटलं की पहिल्या पाचांत येतं, ते गाव साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे माथेरानपेक्षाही थोडं खाली. जानेवारीत तिथे काही अडत नाही. डिसेंबरात आणि नाताळाच्या सुट्टीत मात्र हाच फरक पैसे वसूल करतो किंवा बुडवतो.

त्याच्या आदल्याच हिवाळ्यात युरोपात नवीन वर्ष उन्हाळ्यासारखं उजाडलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेनला वर्ल्ड कपची शर्यत झाली, तिचे फोटो मी बघितले होते. दोन्ही बाजूंना हिरवट-तपकिरी उतार आणि मधून यंत्राने तयार केलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा. ते यंत्रसुद्धा वाटेल तेव्हा चालत नाही. पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवून ते जमिनीवर पडेपर्यंत गोठायला हवेत, त्यासाठी हवा शून्याखाली दोन-तीन अंश आणि शक्यतो कोरडी लागते. थंडी पडलीच नाही तर यंत्राचाही काही उपयोग नाही.

झेरमाटच्याच हिमनदीवरून इटलीच्या बाजूला उतरणारी एक मोठी शर्यत २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी व्हायची होती. खालच्या टप्प्यात बर्फ पुरेसा नाही म्हणून ती रद्द झाली. पुढच्या वर्षी त्यांनी ती नोव्हेंबरात ढकलली, तर बर्फ आणि वारा इतका झाला की पुन्हा रद्द. ही दुसरी बातमी आली तेव्हा आमचं बुकिंग केव्हाच झालेलं होतं. पण ती वाचून मला बरं वाटलं. ज्यांच्याकडे हिमनदी आहे, माणसं आहेत, पैसा आहे, त्यांनाही हंगामाच्या तोंडाची तारीख धरता येत नाही. मग पार्ल्यातल्या एका घराने ती आधीच धरून ठेवायचा हट्ट कशाला करायचा?

आल्प्स मी शेवटी सोडून दिलं ते बर्फामुळे नाही, व्हिसामुळे. शेंगेन व्हिसाला तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, आणि व्हिसा साधारण त्याच तारखांच्या आजूबाजूचा मिळतो. म्हणजे ऑक्टोबरात अर्ज करताना मी ज्या तारखा लिहीन, त्याच डिसेंबरात पक्क्या. बर्फ नाही म्हणून दीड महिना पुढे जायचं, तर पाच जणांचा सगळा खटाटोप पहिल्यापासून. जिथे बर्फाची खात्री नाही तिथे निदान तारीख तरी हलवता यायला हवी, हे माझं पहिलं ठाम मत तेव्हा झालं आणि आजही ते तसंच आहे.

मग आपल्याकडचे पर्याय. औलीचं फार मनात होतं, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचायला लागली आणि जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. जिथे लोकांची घरं तडकताहेत तिथे आपण पन्नाशी साजरी करायला जायचं, हे आम्हाला दोघांनाही पटलं नाही. मनालीजवळच्या सोलंगचे उतार डिसेंबरात बहुतेक वेळा तयार नसतात. राहिलं गुलमर्ग.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, कळसूबाईच्याही एक हजार मीटर वर. तिथून गंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, ३,०८० मीटरच्या आसपास. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर. आकडे बघून मला वाटलं, हे तर व्हाल थोरांसपेक्षा उंच, इथे डिसेंबरात काळजीच नको. इथे मी चुकले होते. काश्मीर ३४ अक्षांशावर आहे आणि आल्प्स ४६ वर. बारा अंश दक्षिणेला ऊन जास्त तापतं, त्यामुळे तिथले २,६५० मीटर आणि इथले २,६५० मीटर सारखे नाहीत. शिवाय आल्प्समध्ये हिवाळाभर कुठल्या ना कुठल्या बाजूने ओलसर हवा येत राहते. काश्मीरचा बर्फ जवळजवळ पूर्णपणे पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या त्या वादळांच्या माळेत एखाद्या वर्षी खंड पडला, की पाऊस लांबलेल्या जूनसारखी गत होते. थंडी असते, आभाळ निळंशार असतं आणि बर्फ नसतो.

काश्मिरी लोकांचंही एक पंचांग आहे. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ लागतो, चाळीस दिवसांचा कडाका. मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्छा’. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे त्यांचा मृगच की.” मला इतकं नेमकं सुचलं नव्हतं. आधी पडलेला बर्फ टिकत नाही, कारण जमीन अजून उबदार असते. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ गोठून बसतो आणि त्यावर पुढचे थर चढतात. वळवाच्या सरीवर कुणी पेरणी करत नाही, तसंच हे. आणि आमची तारीख होती २७ डिसेंबर, म्हणजे मृग लागून जेमतेम आठवडा.

ऑगस्टमध्ये हॉटेल. आम्हाला हवं होतं ते गंडोल्यापासून पायी जाता येण्यासारखं, खोल्या चोवीस तास गरम ठेवणारं, आत गरम पाण्याचा तलाव असलेलं. याला मी चैन म्हणते, पण हंगामाच्या सुरुवातीला जाणाऱ्यांसाठी त्यात व्यवहारही आहे. बर्फ नसला किंवा वाऱ्यामुळे गंडोला बंद राहिला, तर दिवसभर माणसं हॉटेलातच असतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईंना घेऊन थंडगार खोलीत बसायची माझी तयारी नव्हती. नाताळाच्या आठवड्यात एका खोलीचा दर रात्रीला ६०,००० च्या वर होता, आणि आम्हाला खोल्या दोन लागणार होत्या, पाच रात्रींसाठी.

दर दोन प्रकारचे होते. एक स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे गेले. दुसरा पंधरा टक्क्यांनी महाग, त्यात ठरावीक मुदतीपर्यंत बदल करता येत होता. फरक ९०,००० च्या आसपास. माझ्या दिराने समजावलं, “वहिनी, नव्वद हजारात तुमचं विमानाचं तिकीट निघेल. डिसेंबरात काश्मीरला बर्फ नसेल असं कधी होतं का?” त्याचं म्हणणं बहुतेक वर्षी खरं ठरलं असतं. मी तरीही महाग दर घेतला. फोनवरचं बोलणं पुरेसं न मानता मेलवर लिहून घेतलं: १२ डिसेंबरपर्यंत कळवलं तर मुक्काम ३१ मार्चपर्यंत कधीही एकदा हलवता येईल, नव्या तारखांचा दर कमी असेल तर उरलेली रक्कम जेवण आणि स्कीइंगच्या बिलात वळती होईल. ‘बर्फ नसल्यास’ असा शब्द त्यांनी घातला नाही, मीही आग्रह धरला नाही. बर्फ आहे की नाही यावर वाद घालता येतो. तारखेवर वाद नसतो.

याच दरम्यान एका ट्रॅव्हल एजंटकडेही गेले होते. त्याने ‘गॅरंटीड स्नो’ असलेलं पॅकेज समोर ठेवलं. मी विचारलं, गॅरंटी म्हणजे काय, कुठे, किती? बर्फ दिसला नाही तर पैसे परत का? तर म्हणाला, मॅडम, तुम्हाला वर नेऊन बर्फ दाखवायची जबाबदारी आमची. लिहून द्यायला तयार नव्हता. मी तिथून उठले. पण त्याच्या त्या वाक्यात खरी मेख दडलेली होती, ती मला दोन महिन्यांनी कळली.

ती कळली गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्गच्या एका स्की शिकवणाऱ्या भाईकडून. नवऱ्याच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधल्या एका मित्राने नंबर दिला होता. नोव्हेंबरपासून मी त्यांना दर रविवारी फोन करायचे. पहिल्यांदा विचारलं, “बर्फ़ है क्या?” ते म्हणाले, “मैडम, ऊपर है, नीचे नहीं.” मला वाटलं, छान, वर आहे म्हणजे झालं. मग त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी स्की कुणाला येतं? कुणालाच नाही म्हटल्यावर त्यांनी शांतपणे समजावलं. नवशिक्याला वरच्या बर्फाचा उपयोग नाही. अफरवटचा उतार जगभरचे पट्टीचे स्कीयर शोधत येतात तो, तिथे आखलेली वाट नाही, चढ-उतार उभे आहेत आणि हिमस्खलनाचा धोका असतो. शिकणारी माणसं शिकतात ती खाली, गुलमर्गच्या वाटीसारख्या मैदानाच्या कडेच्या सोप्या उतारांवर. “आपको नीचे की बर्फ़ चाहिए, मैडम. नीचे एक फ़ुट नहीं, तो आप सिर्फ़ फ़ोटो खींचेंगे.”

सहा महिने मी अभ्यास करत होते, उंची, अक्षांश, हिमनदी, सगळं. आणि हा एवढा साधा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. प्रत्येक ठिकाणची जाहिरात वरच्या टोकाची उंची सांगते, बर्फाचा आकडाही बहुधा वरचाच सांगतात. शिकाऊ माणसाने विचारायला हवं की शिकायचा उतार किती उंचीवर आहे आणि आज त्या उतारावर किती बर्फ आहे. पातळ बर्फ तर नसलेल्या बर्फापेक्षा वाईट, असंही त्यांनी सांगितलं. चार बोटं बर्फाखाली दगड आणि बुंधे झाकलेले असतात, स्की त्यात अडकते आणि गुडघा पिरगळतो. पन्नाशीचा गुडघा.

त्या दिवसापासून वहीत मी तीन रकाने आखले: खाली, मध्ये, वर. ते इंचात सांगत नसत. “टखने तक”, “घुटने तक”, असं सांगत. मी तसंच लिहीत गेले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. नोव्हेंबरात एकदा पडला, ‘खाली’च्या रकान्यात मी मोठ्या आनंदाने घोटा लिहिला. पुढच्या रविवारी तिथे शून्य लिहावं लागलं.

तोवर घरात तयारी सुरू झाली होती. लेकीला आणि मुलाला मी कुर्ल्याच्या मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये नेऊन आणलं, निदान हातमोजे घालून पडायची सवय व्हावी म्हणून. बाहेर बत्तीस अंश आणि आम्ही थर्मल घेतोय. फॅमिली डॉक्टरांनी आईंचा बीपी बघून सांगितलं, गुलमर्गला पहिला दिवस पूर्ण आराम, गंडोल्याचा पहिला टप्पा चालेल, दुसरा नको. नवऱ्यासाठी स्कीचं जॅकेट आणलं आणि माळ्यावर लपवून ठेवलं. त्याला तोवर फक्त एवढंच माहीत होतं की नाताळात काश्मीरला जायचंय.

१० डिसेंबरचा रविवार. बदल करायची मुदत १२ तारखेला संपत होती. हीच या सगळ्या आखणीतली कठीण जागा आहे, आणि ती कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही देशात येणारच. निर्णय घ्यायची तारीख जाण्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी असते, आणि हवामानाचा अंदाज भरवशाचा असतो फार तर पाच-सात दिवसांचा. त्या मधल्या आठ-दहा दिवसांसाठी कुणाकडेच काही नसतं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की त्या दिवशी अंदाजाकडे बघायचं नाही, जमिनीवर जे आहे तेवढंच बघायचं. खाली गुडघ्याच्या निम्म्याने बर्फ असेल तर जायचं, नसेल तर हलवायचं.

मी फोन केला. “ऊपर थोड़ी है. नीचे घास है, मैडम.”

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. जॅकेट, स्कीइंग, मनालीनंतरचा तो हिवाळा, वही. तो बराच वेळ वहीची पानं उलटत बसला. मग म्हणाला, “आईने सांगितलं का तुला ते पैशांचं?” मी हो म्हटलं. आतल्या खोलीतून आई म्हणाल्या, “मी नाही सांगायचं तर कोणी?” पुढे कोणी काही बोललं नाही. त्यानेच लॅपटॉप उघडला आणि आम्ही दोघांनी मिळून ८ फेब्रुवारी ही तारीख टाकली. विमानाच्या तिकिटांचे माणशी ३,००० च्या आसपास बदलाचे पैसे गेले. मुलाच्या शाळेत चाचणी होती, बाईंनी ती नंतर घ्यायचं कबूल केलं. लेक अकरावीत होती म्हणून निभावलं, बारावीत असती तर फेब्रुवारीचं नावही काढता आलं नसतं.

२७ डिसेंबरला घरीच औक्षण केलं. आईंनी शेवयांची खीर केली. जॅकेट घालून त्याने फोटो काढून घेतला, पंखा फुल ठेवून.

मग आला जानेवारी, आणि मला वाटायला लागलं की सगळंच चुकलं. चिल्लई कलान लागला, दहा दिवस गेले, वीस गेले, बर्फ नाही. एल निनोचं वर्ष होतं, ऑगस्टमध्ये देशाने १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट पाहिला होता. आता जम्मू-काश्मीरमध्ये डिसेंबरचा पाऊस-बर्फ सरासरीपेक्षा जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा माजी मुख्यमंत्री असलेल्या ओमर अब्दुल्ला यांनी कोरड्या गुलमर्गचे फोटो टाकले, ते वर्तमानपत्रांत आले. आमच्या ओळखीचं एक कुटुंब नाताळात जाऊन आलं होतं, त्यांनी घोड्यावरून पिवळ्या गवतात फिरतानाचे फोटो पाठवले. आमचा निर्णय बरोबर होता म्हणून मला त्या फोटोंनी समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी रविवारी फोन केला की तिकडून आवाज दर वेळी थोडा अधिक थकलेला यायचा. आमची एक सहल होती. त्यांचं वर्षाचं पोट होतं. स्की भाड्याने देणारे, स्लेज ओढणारे, टंगमर्गहून साखळ्या लावलेल्या गाड्या चालवणारे, सगळे हात बांधून बसले होते. एका रविवारी ते म्हणाले, “मस्जिद में दुआ हो रही है बर्फ़ के लिए.” मला गावाकडे पावसासाठी देवाला घातलेलं साकडं आठवलं. त्या दिवशी वहीत मी काहीच लिहिलं नाही.

चिल्लई कलान संपता संपता, जानेवारीच्या अगदी शेवटच्या दिवसांत, झंझावात आले. एकामागून एक. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी फोन करायच्या आधी त्यांचाच फोन आला. “मैडम, लिखिए. नीचे, घुटने से ऊपर.”

८ फेब्रुवारीला आम्ही श्रीनगरला उतरलो. टंगमर्गला मोठी गाडी सोडून साखळ्या लावलेल्या गाडीत बसलो. पुढचे तेरा किलोमीटर देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या, आणि आई खिडकीची काच सारखी पुसत होत्या. मुक्कामाबद्दल फार लिहीत नाही. खोली गरम होती, जेवण चांगलं होतं, पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही. नाताळाच्या दरापेक्षा फेब्रुवारीचा दर इतका कमी होता की उरलेल्या रकमेत चौघांचं चार दिवसांचं स्कीइंग, भाड्याचं सामान आणि जेवणाचा बराचसा भाग बसला. जादाचे नव्वद हजार असे परत आले.

शिकण्याबद्दल मात्र लिहिते. पहिला सगळा दिवस बुटांतच जातो. स्कीचे बूट पोटऱ्या आवळून धरतात, टाच जराही हलता कामा नये. नवऱ्याने दोन वेळा बूट बदलून घेतले, ते बरं केलं. मग सपाटीवर चालणं, मग पडणं, मग आडवं पडून उठणं. थांबायला शिकवतात ते सगळ्यात आधी: दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचा बाहेर ढकलायच्या. भाई ओरडायचे, “पिज़्ज़ा! पिज़्ज़ा बनाओ!” मुलगा तासाभरात शिकला. लेक दुपारपर्यंत. मी दुसऱ्या दिवशी. नवरा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबायच्या ऐवजी बसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख होतं. लिफ्टने तो सोप्या उताराच्या वर गेला. मी खाली आईंजवळ उभी होते. तो निघाला, टोकं जवळ आणून हळूहळू, डावीकडे एक मोठं वळण, मग उजवीकडे, आणि आमच्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला. पडला नाही, बसला नाही, उभा राहिला. काठ्या हातात तशाच धरून तो आईंकडे बघत होता. आईंनी शाल सावरली आणि एवढंच म्हणाल्या, “तेव्हाच शिकला असतास.” तो म्हणाला, “तेव्हा बाबा असते का मग?” आणि परत लिफ्टकडे गेला. त्या दिवशी तो अकरा वेळा वर गेला, मुलाने मोजलं.

चौथ्या दिवशी कोंगडोरीला गेलो, आईंनाही नेलं. अफरवटला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. वारा नव्हता, दुसरा टप्पा चालू होता, नवऱ्याची इच्छाही होती. पण भाई नको म्हणाले आणि त्याने ऐकलं. आम्ही परतल्यानंतर, २२ फेब्रुवारीला, त्या डोंगरावर हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीयर गेला. त्याच आठवड्यात खाली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या.

आईंची एकच गोष्ट राहिली. त्यांना बर्फ पडताना बघायचा होता. आमच्या पाचही दिवसांत आभाळ निरभ्र होतं, एक कण पडला नाही. स्कीइंगला हवा होता तो आधीच पडून बसलेला बर्फ आणि त्यांना हवा होता पडणारा. या दोन वेगळ्या सहली आहेत हे मी आखणी करताना लक्षात घेतलं नाही, याची मला अजून हळहळ आहे.

आता ओळखीचे लोक मला विचारतात, मग फेब्रुवारीतच जायचं ना? मी तसं सांगत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच गुलमर्गला त्याच स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. मी लोकांना विचारते, तारीख हलवता येईल का, आणि ‘खाली’ची खबर देणारं कोणी आहे का?

त्याआधी एक फोन आला होता, तो सांगायचा राहिला. २७ डिसेंबर २०२४. नवऱ्याला एक्कावन्न पूर्ण होत होती. संध्याकाळी आम्ही नुकतीच दिवाबत्ती केली होती. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आधी काहीच दिसेना, नुसतं करडं. मग टंगमर्गच्या त्या घराच्या ओसरीचा दिवा दिसला आणि दिव्याच्या उजेडात मोठमोठे पुंजके खाली येताना दिसले, शांत, एकसारखे. दुसऱ्या दिवशी श्रीनगरची विमानं रद्द झाली इतका बर्फ त्या रात्री पडला.

“मैडम, साहब का जन्मदिन है ना आज? अम्मा को दिखाइए.”

मी फोन आईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वही आण गं. खालचं विचार त्यांना.”